चोपन्न टक्के पाणी

सुरुवातीलाच सांगते, म्हणजे नंतर वाद नको. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. या सदरातले अनुभव मी गेली तीन-चार वर्षं वाचतेय... वाचते आणि खाली खवचट कॉमेंट टाकते. जुन्या मंडळींना मी त्यासाठीच आठवत असेन. "झोप पूर्ण करा", "घरातलं वायरिंग तपासून घ्या", "आधी डॉक्टरांना दाखवा" — हे सगळं मीच लिहिलेलं आहे. आता माझी पाळी आहे. घ्या उट्टं काढून. पण आधी शेवटपर्यंत वाचा आणि मग मला पटेल असं कारण द्या. आजवर कुणाला देता आलेलं नाही.

आणखी एक. माझ्या गोष्टीत पिंपळ नाही, अमावास्या नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही. सकाळचे पावणेबारा वाजले होते, एसी चालू होता, चारही ट्यूबलाइट चालू होत्या आणि मी खुर्चीत बसून गार झालेला चहा पीत होते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही, ओळखायच्या फंदातही पडू नका. माझं मुख्य काम स्काडाचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — बॉयलर, टर्बाइन, मिल, अख्खा प्लांट कंट्रोल रूममधल्या कम्प्युटरवर चित्रासारखा दिसतो. कुठे किती प्रेशर, किती तापमान, कुठला व्हॉल्व किती उघडा, सगळं पडद्यावर. मोटारी चालू-बंद करायच्या त्याही माउसने. काही बिघडलं की खालच्या पट्टीत अलार्मची लाल ओळ येते आणि बझर वाजतो. ऑपरेटरने अॅक्नॉलेजचं बटण दाबायचं, म्हणजे "कळलं बाबा, बघितलं". बझर गप्प. आम्ही त्याला नुसतं 'अॅक करणं' म्हणतो.

माझ्या घरी मेंढरं. आमचे अण्णा, म्हणजे वडील, जन्मभर माळावर कळपामागे फिरले, उघड्यावर झोपले, त्यांना कधी भूत भेटलं नाही. लहानपणी मी कशाला भ्यायले की म्हणायचे, "काय दिसलं? चल, हात लावून येऊ." हात लावला की ते भूत म्हणजे बाभळीला अडकलेलं घोंगडं निघायचं. मेंढरंसुद्धा ते लांबून मोजत नसत, एकेकाच्या पाठीवर हात ठेवून मोजायचे. मी त्या घरातली. मधे डिप्लोमा झाला, डिग्री झाली, आणि हात लावून बघायची सवय सुटली. हे आज कबूल करतेय. तेव्हा कुणी बोललं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते.

आता बॉयलरबद्दल थोडं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बॉयलरच्या वरच्या ड्रममध्ये पाणी ठरावीक पातळीला लागतं. ते उतरलं आणि खाली जाळ तसाच राहिला, तर नळ्या कोरड्या तापून फुटतात, आणि जवळ जो असेल तो माणूस वाचत नाही. पातळी डोळ्यांनी दिसावी म्हणून ड्रमला बाहेरून एक जाड काच असते. स्काडा येण्याआधी त्या काचेवर पाळीभर एक माणूस असायचा, बत्तीस पायऱ्या वर, भट्टीच्या धगीत. आमच्याकडे तो माणूस म्हणजे तलवाड्याचे सोपानमामा.

बॉयलरपाशी आवाज इतका, की वरून कितीही ओरडलं तरी खाली ऐकू येत नाही. म्हणून त्यांची एक पद्धत होती. पाणी उतरायला लागलं की मामा वरून पाइपावर पान्याने दोन ठोके मारायचे. लोखंडातून ते खाली बरोबर पोचतात. खालच्या माणसाने एक ठोका मारून उत्तर द्यायचं. उत्तर येत नाही तोवर मामा थोडं थांबून पुन्हा दोन ठोके, पुन्हा थांबून दोन. नवीन लागले तेव्हा हे ऐकून मी खो-खो हसले होते. विसाव्या मजल्यावर डबा पाठवायला दोरी सोडतात ना, तसलं काहीतरी वाटलं मला.

नवीन स्काडा मीच बसवून घेतला. "काचेवर स्वतंत्र माणूस ठेवण्याची आवश्यकता उरत नाही" हे वाक्यही माझंच, माझ्या सहीचं. मामांना बगॅसच्या यार्डात टाकलं, म्हणजे उसाचा चोथा साठवतात तिथे, आणि वर्षभरात ते रिटायर झाले. जायच्या दिवशी ते कंट्रोल रूममध्ये आले. पडद्यावरच्या ड्रमकडे बघत उभे राहिले.

"हे पानी हाय व्हय, बाई?"

"हो मामा."

"लई निळं हाय," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "आन् ह्यात ठोकायचं कुठं?"

मी हसून अलार्मची पट्टी दाखवली. त्यांनी मान डोलवली आणि गेले.

आता मुख्य गोष्ट. गळीत हंगामाच्या आधी आमच्याकडे बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. संचालकांपैकी एक जोडपं पूजेला बसतं, पाहुणे येतात, भाषणं होतात, फोटो निघतात आणि भट्टीत पहिला जाळ पडतो. त्या वर्षी पाहुण्यांना कंट्रोल रूमही दाखवायची ठरली. पण बॉयलर थंड असताना पडद्यावर दिसणार काय? सगळीकडे शून्य. आमचे चीफ इंजिनिअर मला म्हणाले, "मॅडम, एवढी मोठी माणसं येणार, त्यांना शून्य दाखवायचं का? जरा जिवंत करा की स्क्रीन."

आणि मी केली. स्काडात सिम्युलेशन नावाची सोय असते, खऱ्या मोजणीऐवजी आपण दिलेला आकडा दाखवायची. टेस्टिंगपुरती असते ती. मी सहा ठिकाणी खोटे आकडे टाकले. प्रेशर, तापमान वगैरे पाच आकडे जरा खाली-वर हलते ठेवले, आणि ड्रममधलं पाणी स्थिर, चोपन्न टक्के. पाहुणे खूश झाले. एका बाईंनी तर पडद्याला हळदीकुंकू लावलं.

कार्यक्रम संपल्यावर मी खोटे आकडे काढायला बसले. थंड बॉयलरला साडेतीनशे डिग्री तापमान म्हणजे डोळ्यात खुपतंच, ते काढलं. प्रेशर काढलं. असे पाच काढले. तेवढ्यात पेढ्यांचं ताट आलं, फोटोसाठी हाक आली. पाण्याचा सहावा आकडा राहिला. राहिला, कारण तो चुकीचा दिसतच नव्हता. चोपन्न टक्के पाणी म्हणजे असायला हवं तेवढंच पाणी.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळपर्यंत पाणी हाताने सोडत होते, ऑपरेटर किसन अधूनमधून वर जाऊन काच बघून यायचा. काच अर्ध्याच्या जरा वर, पडद्यावर चोपन्न. जुळतंय म्हणून कुणाला शंका नाही. सव्वाअकराला मी पाणी ऑटोवर टाकलं. म्हणजे आता पातळी बघून व्हॉल्व किती उघडायचा ते कम्प्युटर ठरवणार. मी त्याला पन्नासवर ठेवायला सांगितलेलं. त्याला चोपन्न दिसत होते. पाणी जास्त आहे म्हणून तो व्हॉल्व मिटत गेला, मिटत गेला... आणि भट्टीत जाळ वाढत होता. पाणी कमी झालं की जाळ आपोआप बंद करणारी व्यवस्थाही त्याच आकड्यावर चालते. तिच्यासाठी पातळी मोजणारा वेगळा दुसरा ट्रान्समीटर बसवायचा होता, तो यायचा होता. खाली राखेच्या दारापाशी दोन माणसं काम करत होती.

यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मी चहा पीत होते. शेजारच्या खुर्चीत किसन.

पावणेबाराला बझर वाजला. खालच्या पट्टीत लागोपाठ दोन लाल ओळी आल्या. आमच्या प्रत्येक अलार्मला नाव असतं, वर्णन असतं. या ओळींना वेळ होती आणि लाल रंग होता, बाकी सगळं कोरं. मी अॅक केलं, दोन्ही गेल्या. पंधरा-वीस सेकंदांनी पुन्हा दोन. कोऱ्याच. पुन्हा अॅक केलं. सॉफ्टवेअरवाल्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा पुन्हा दोन. त्याही अॅक केल्या.

किसन खुर्चीतून उठला होता. या माणसानं मामांच्या हाताखाली दहा वर्षं काढलेली, अंगाने दांडगा, सहसा घाबरत नाही. त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम... हे मामाचे ठोके हायत."

"कुणाचे?"

"सोपानमामाचे. धा वर्सं खाली उभं ऱ्हाऊन ऐकलेत मी. असंच थांबून थांबून दोन. पानी उतरलंय, मॅडम."

"किसन, बस खाली. लेव्हल चोपन्न आहे."

"एकडाव काच बघून येतो."

"बस म्हटलं ना! काम नाही का दुसरं?"

चौथ्यांदा दोन ओळी आल्या. मी दात-ओठ खाऊन अॅक केलं. किसनने टेबलावरचा पाना उचलला. "नौकरी ऱ्हाती का जाती ते मागून बघू," असं म्हणून तो दार ढकलून निघून गेला.

खरं सांगते, मला भयंकर राग आला. माझ्या सिस्टीमवर माझ्यादेखत अविश्वास! तो खाली आला की त्याच्या तोंडावर मारायला म्हणून मी पाण्याचा आलेख उघडला. बघ म्हणावं, कालपासून पाणी जागचं हललेलं नाही.

आणि ते खरंच हललेलं नव्हतं. पट्टी धरून ओढावी तशी सरळ रेघ. काल सकाळपासून आत्तापर्यंत चोपन्न पूर्णांक शून्य. उकळतं पाणी असं राहत नाही हो... दूध तापत ठेवलेल्या कुठल्याही बाईला हे कळेल. माझ्या डोळ्यांसमोर पेढ्यांचं ताट आलं.

मी बगॅस भट्टीत टाकणारे फीडर बंद केले, हवेचे पंखे बंद केले, राखेच्या दारावरच्या माणसांना माइकवरून बाहेर काढलं आणि पळाले. बत्तीस पायऱ्या. वर किसन काचेपाशी वाकून उभा होता. नळी फुटली असती तर पहिला तोच गेला असता, आणि 'बस म्हटलं ना' हे मी त्याला बोललेलं शेवटचं वाक्य ठरलं असतं. त्याने वळून दोन बोटं दाखवली. काचेत तळाशी दोन बोटं पाणी शिल्लक होतं.

"दिसतंय अजून," तो माझ्या कानाशी ओरडला. "सोडू?"

"हळू! एकदम हळू!"

त्याने हाताने व्हॉल्व थोडासा उघडला. पाणी वर यायला लागलं. मी तिथेच लोखंडी जाळीवर बसले आणि रडले. लाज वाटत नाही सांगायला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे इथे लिहिलंच नसतं. सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गडबड झाली आणि आपलं नशीब चांगलं, असं म्हणून मोकळी झाले असते. तेच सिद्ध करायला तासाभराने मी रेकॉर्ड काढायला बसले. स्काडात आलेला प्रत्येक अलार्म सेकंदासकट साठवला जातो, आणि ऑपरेटरने दाबलेलं प्रत्येक बटण वेगळ्या यादीत.

अलार्मच्या यादीत त्या वेळी एकही अलार्म नव्हता. बटणांच्या यादीत मात्र माझ्या नावावर आठ अॅक होते. दोन, मधे अंतर, दोन, मधे अंतर, असे चार वेळा. म्हणजे न आलेल्या अलार्मला मी आठदा "कळलं" म्हटलेलं होतं.

सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनिअर दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जेवून आरामात तीनला पोचला, आणि रात्रीपर्यंत मान मोडून बसला. जाताना म्हणाला, "मॅडम, असं होऊच शकत नाही. अलार्म नसेल तर ते बटण दाबलंच जात नाही. मी स्वतः लिहिलाय तो भाग." मी म्हटलं, मग लिहून द्या की झालं नाही. त्याने तेही लिहून दिलं नाही.

इकडे चीफ इंजिनिअरांनी घटनेचा अहवाल मागितला. छापील फॉर्म असतो. त्यात 'घटनेचे कारण' आणि 'धोक्याची सूचना कोणी दिली' असे दोन रकाने. त्यांनी मसुदा आधीच तयार ठेवलेला. कारण: ऑपरेटर किसन यांनी काचेची नियमित पाहणी केली नाही व घटनेच्या वेळी ते जागेवर नव्हते.

"जागेवर नव्हता, कारण तो वर जाऊन सगळ्यांचा जीव वाचवत होता," मी म्हटलं.

"मॅडम, तुमचं करिअर आहे. त्याचं काय, तो काय कुठंही लागेल."

बॉयलर अटेंडंटच्या नावावर असला शेरा पडला की त्याला कुठलाही कारखाना दारात उभं करत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. किसनची दोन लेकरं शाळेत, म्हातारी आई घरात. मी तो कागद परत केला.

मग त्यांनी दुसरी वाट काढली. कारखान्यात एव्हाना देवानेच वाचवलं म्हणून कंट्रोल रूममध्ये नारळ फुटले होते, फोटो टांगायची तयारी चालली होती. ते म्हणाले, "दैवी कृपेने अनर्थ टळला असं घालू. कुणावरच नको." मी म्हटलं, साहेब, देवाने खोटा आकडा टाकला नव्हता, मी टाकला होता. फोटो लावा हवा तर, पण माझी चूक त्याच्यामागे लपवायची नाही.

त्या रविवारी मी आणि किसन तलवाड्याला गेलो. का गेलो? हात लावून बघायला, दुसरं काय. मामा अंगणात बाजेवर बसले होते. तब्येतीने बरे दिसले. मी त्यांना विचारलं, मंगळवारी सकाळी कुठे होता? ते म्हणाले, "कुठं असनार? हितंच की. कुटं गेलतो मी?"

मामी चहा घेऊन बाहेर आल्या. मी मंगळवार म्हटल्यावर त्या थांबल्या.

"मंगळवारी व्हय? त्या दिशी काय झालतं कुनास ठाऊक. मी भाकरी टाकत हुते, तर हे आपले पाना घिऊन बाजंच्या गजावर ठोकत बसलेले. दोन ठोके, गप. दोन ठोके, गप. म्हनलं, कावून ठोकताय वो? तर म्हनले, उत्तर येईना."

"मी?" मामा म्हणाले. "मला न्हाई याद."

"तुमाला कशाची याद ऱ्हाती! मग एकाएकी थांबले, पाना ठिवला खाली, अन् च्या मागितला."

वेळ विचारली तर मामींकडे घड्याळ नाही. भाकरीची वेळ एवढंच त्या सांगू शकल्या. किसनने माझ्याकडे बघितलं, मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. मग मी मामांना सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट.

"मग तुमी उत्तर काय दिलं, बाई?"

"बटण दाबलं, मामा. आठ वेळा."

त्यांनी मान हलवली. चिडून नाही, शिकाऊ माणसाला सांगावं तसं म्हणाले, "बटन म्हंजे उत्तर न्हाई. खालच्यानं ठोका द्यायचा तो वर चढता चढता द्यायचा. उत्तर म्हंजे वर येनं."

आता तुमच्या कॉमेंट मीच लिहून टाकते, तुमचा वेळ वाचेल. माझ्या अंतर्मनाला चूक आठवली होती आणि मीच कोरं बटण दाबत बसले? बरं. मग बझर किसनने कसा ऐकला? सॉफ्टवेअरचा दोष? असेल. पण तो नेमका त्याच मिनिटाला, जोड्या-जोड्यांनी, आणि आधी किंवा नंतर एकदाही नाही? म्हाताऱ्याचं ठोकणं योगायोग? असू दे योगायोग. मी भूत म्हणत नाही, चमत्कार म्हणत नाही. मामा तर चांगले जिवंत आहेत, परवाच फोनवर बोलले. पण मला माहीत नसलेल्या गोष्टीला, केवळ तुमचं समाधान व्हावं म्हणून, मी नाव देणार नाही.

काचेवर आता पुन्हा माणूस असतो, ते पत्र मी माझ्याच सहीने दिलं. पाळी सुरू झाली की मी वर जाऊन काच बघते आणि पान्याने पाइपावर दोन ठोके मारते. किसन खालून एक ठोका देतो आणि वर येतो. लोक हसतात, हसू देत.

अहवाल मी स्वतःच्या हाताने लिहिला. 'घटनेचे कारण' या रकान्यात लिहिलं — माझी चूक. खाली दुसऱ्या रकान्यात, 'धोक्याची सूचना कोणी दिली' — माहीत नाही.

साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, यातलं एक काहीतरी खोडा. पहिलं राहिलं तर नोकरी जाईल, दुसरं राहिलं तर वेड्यात काढतील."

मी पेनाचं टोपण लावलं. दोन्ही ओळी अजून तशाच आहेत.